रसलर ३६ : एका जुन्या सागरनौकेचे मूल्यमापन

२९ एप्रिल २०२३ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल दोलोन या बंदरात शिडाची एक छत्तीस फुटी नौका शिरली. तिचे नाव ‘बयानात’. २०२२ च्या ४ सप्टेंबरला ती याच बंदरातून निघाली होती. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या दक्षिणेकडून पृथ्वीला वळसा घालून, कोठेही न थांबता, ती २३६ दिवसांनी परत आली होती. नौकेवर माणूस एकच, भारतीय नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी. गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांना दुसरा क्रमांक मिळाला.

टॉमींचे नाव गोमंतकीय वाचकाला नवे नाही. २०१२-१३ साली ज्या ‘म्हादेई’तून त्यांनी पहिली विनाथांबा परिक्रमा केली, ती दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती, आणि त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तीतूनच एकट्याने जगाची फेरी पुरी केली होती. त्यामुळे ‘बयानात’ परतली तेव्हा आपल्याकडे आनंद झाला तो आप्ताच्या यशाचा. नाविकाची स्तुती झाली ती योग्यच झाली. नौकेविषयी मात्र ‘जुन्या पद्धतीची’ या दोन शब्दांपलीकडे कोणी फारसे बोलले नाही. तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

त्याला एक तात्कालिक निमित्तही आहे. माझे एक तरुण स्नेही पणजीस असतात. नोकरीतून साठवलेल्या पैशांत युरोपातील एखादी जुनी फायबरग्लासची नौका घ्यावी, प्रथम मुंबई ते कारवार हा किनारा हिंडावा आणि हात बसला म्हणजे लक्षद्वीप, पुढे जमल्यास आफ्रिकेचा किनारा गाठावा, असा त्यांचा मनसुबा आहे. ‘बयानात’च्या जातीची नौका त्यांच्या मनात भरली आहे. “जी नौका पृथ्वीप्रदक्षिणा करते, ती मुंबई-गोवा करावयास उत्तमच असणार, नाही का?” असे त्यांनी मला विचारले. प्रश्न साधा आहे, परंतु त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. आणि या विषयातल्या गैरसमजाची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

‘बयानात’ ही रसलर ३६ या जातीची नौका. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील हॉलमन अँड पाय या आरेखकांच्या पेढीने तिचे आरेखन केले आणि १९८० पासून कॉर्नवॉलमधील फाल्मथच्या परिसरात ती बांधली जाऊ लागली. एकाच साच्यातून शंभराहून अधिक नौका निघाल्या. तिची मापे अशी : एकूण लांबी १०.७७ मीटर, पाण्याच्या रेषेवरची लांबी ८.२० मीटर, रुंदी ३.३५ मीटर, पाण्याखालची खोली सुमारे १.६८ मीटर, वजन ७,६०० किलोंच्या आसपास आणि त्यांपैकी सुमारे ३,४५० किलो वजन केवळ तळाशी ठेवलेल्या भाराचे. हे आकडे रुक्ष वाटतील. पण नौकेचा स्वभाव त्यांतच लिहिलेला असतो, आणि तो वाचता आला तर नौका पाण्यावर न पाहताही तिच्याविषयी बरेच सांगता येते.

पहिली गोष्ट, पाण्यावरची लांबी एकूण लांबीपेक्षा अडीच मीटरांहून अधिक कमी आहे. म्हणजे नाळ आणि पिछाडी ही दोन्ही टोके पाण्याच्या वर झुकलेली आहेत. वजनदार नौकेचा वेग प्रामुख्याने पाण्यावरच्या लांबीने बांधलेला असतो. त्या हिशेबाने रसलरची मर्यादा ताशी सात नॉटच्या आतबाहेर येते. शीड कितीही वाढवले तरी ती याहून फारशी पळणार नाही. दुसरी गोष्ट, तिच्या वजनाचा शेकडा पंचेचाळिसांइतका भाग तळाशी आहे. वाऱ्याच्या झोताने ती कलेल. पण जितकी कलेल तितका हा भार तिला परत उभी करू पाहील. तिसरी गोष्ट, ती अरुंद आहे. आजकालच्या तेवढ्याच लांबीच्या नौका तिच्यापेक्षा बऱ्याच रुंद असतात. रुंद नौका सुरुवातीस कलत नाही, म्हणून ती सुरक्षित भासते. मात्र प्रचंड लाटेने ती एकदा पालथी घातली की हीच रुंदी तिला पालथ्या अवस्थेतही स्थिर ठेवते. अरुंद व तळाशी जड असलेली नौका पालथी झाली तरी त्या अवस्थेत फार वेळ राहत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची कील, म्हणजेच तळाचा कणा. आधुनिक नौकांत कील ही मधोमध खाली उतरलेल्या माशाच्या परासारखी असते आणि सुकाणू तिच्यापासून दूर, मागे, सुटे लोंबत असते. रसलरमध्ये कील तळाच्या बऱ्याच लांबीवर सलग धावते आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेलाच जोडलेले असते. पंखा त्या दोहोंमधल्या खाचेत सुरक्षित बसवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या गलबतांच्या तळाकडे ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही. लांब कीलच्या नौकेला दिशा धरून ठेवण्याची उपजत सवय असते. वारा थोडा बदलला, लाटेने पिछाडी ढकलली, म्हणून ती लगेच तोंड फिरवीत नाही.

या गुणाचे मोल किनाऱ्यावर बसून कळत नाही. एकट्या माणसाला झोपावे लागते, स्वयंपाक करावा लागतो, आजारी पडावे लागते. त्या वेळी सुकाणू धरणार कोण? विजेवर चालणारे यंत्र शर्यतीच्या नियमांनी वर्ज्य होते. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे स्वयंसुकाणू हाच एक आधार. पिछाडीवर बसवलेले एक पाते वाऱ्याची दिशा ओळखते आणि पाण्यातले दुसरे पाते नौकेच्याच वेगातून शक्ती घेऊन सुकाणू वळवते. नौका मुळात सरळ चालणारी असेल तरच हे नाजूक यंत्र पुरे पडते. चंचल नौकेला सावरता सावरता ते मोडून जाते. सरळ चालणाऱ्या नौकेवरही ते मोडते, हे खरे. २०२२ च्या शर्यतीत टॉमींचे पाते पुन्हा पुन्हा तुटले आणि त्यांनी बोटीतल्याच फळ्या कापून नवी पाती केली. ब्रिटनचे सायमन कर्वेन यांना याच कारणासाठी चिलीमध्ये थांबावे लागले आणि सर्वांआधी परत पोहोचूनही मुख्य क्रमवारीतला पहिला मान त्यांना मिळाला नाही. यावरून सागरी नौकेच्या परीक्षेत सुकाणूचा प्रश्न किती मध्यवर्ती आहे, हे ध्यानात येईल.

आता ती ज्या द्रव्याची घडली आहे त्याकडे वळू. काचेचे तंतू राळेत भिजवून साच्यावर थरावर थर चढवायचे आणि ते वाळून घट्ट झाले की अख्खी नौका एकसंध कवचासारखी बाहेर काढायची, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. आपल्या किनाऱ्यावर आज बहुसंख्य मासेमारी होड्या ‘फायबरच्या’च असतात. लाकडी होडी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून, माशाचे तेल पाजून, फटी बुजवून जपावी लागते, आणि तरीही लाकूड पोखरणारा किडा तिचा पिच्छा सोडीत नाही. फायबरच्या होडीला हे काही लागत नाही. किडा लागत नाही, फळ्यांचे सांधे नसल्याने त्यांतून पाणी झिरपत नाही, लाकूड आटत-फुगत नाही. १९६०-७० च्या दशकांतल्या आरेखकांना व बांधणाऱ्यांना या नव्या द्रव्याविषयी पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी थर सढळ हाताने चढवले. रसलरची घडण त्याच संप्रदायातली. तीतील जाडी नंतरच्या काटकसरी काळात दुर्मीळ झाली.

येथवर गुणवर्णन झाले. शर्यतीचा पुरावा तिच्या बाजूने आहे, असेही म्हटले जाते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रसलर ३६ नौकांनी पटकावले. विजेते ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड २९ जानेवारी २०१९ रोजी, २१२ दिवसांत परतले. पन्नास वर्षांपूर्वी, १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ही परिक्रमा जगात प्रथम केली तेव्हा त्यांना ३१२ दिवस लागले होते. त्यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका. ती मुंबईस बांधली गेली होती, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. शंभर दिवसांचा हा फरक रसलरच्या श्रेष्ठत्वाचा निर्णायक पुरावा मानावा काय?

माझ्या मते मानू नये. एक तर या शर्यतीचे नियमच असे आहेत की, १९८८ पूर्वी आरेखित झालेल्या, बत्तीस ते छत्तीस फुटांच्या, लांब कीलच्या आणि सुकाणू कीलला जोडलेल्या नौकाच तीत उतरू शकतात. म्हणजे स्पर्धा आहे ती एका कुळातल्या भावंडांची. त्या कुळाबाहेरच्यांशी तुलना करावयाची तर त्याच बंदरातून सुटणाऱ्या व्हांदे ग्लोब शर्यतीकडे पाहावे. आधुनिक नौकांनी ती २०२४-२५ मध्ये पासष्ट दिवसांच्या आत जिंकली. शिवाय पन्नास वर्षांत शिडांचे कापड, दोरखंड आणि हवामानाचे ज्ञान सुधारले; शंभर दिवसांचे सारे श्रेय एका नौकेच्या पदरात घालता येणार नाही. दुसरे असे की, रसलरच अनेकांनी निवडली होती, तेव्हा ती अनेकदा जिंकली यात आश्चर्य ते काय? आणि २०२३ मध्ये ‘बयानात’च्या आधी पोहोचून प्रथम क्रमांक मिळवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांची ‘मिनेहाहा’ रसलर नव्हती. ती केप जॉर्ज ३६ या जातीची, तशीच लांब कीलची, पण रसलरहून जड आणि पाण्यावर अधिक लांब अशी नौका होती. वेगाच्या कसोटीवर रसलर आपल्या कुळातही अजिंक्य नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. २०१८ च्या शर्यतीत टॉमी ‘थुरिया’ नावाच्या नौकेतून गेले होते. ‘सुहेली’ची ही प्रतिकृती गोव्यातच बांधली होती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. नंतर ‘बयानात’मधून ते सुखरूप परतले. ही दोन चित्रे शेजारी ठेवून ‘लाकडी प्रतिकृती बुडाली, फायबरची रसलर तरली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो खोटा आहे. ‘थुरिया’ बुडाली नव्हती. ती माणसाला घेऊन तरंगतच राहिली होती. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या फायबरग्लासच्या नौकेनेही डोलकाठ्या गमावल्या. एवढेच नव्हे, तर त्याच वर्षी ५ डिसेंबरला केप हॉर्नच्या पश्चिमेस सुमारे दोन हजार मैलांवर सुझी गुडॉल यांची नौका नाळ पाण्यात खुपसून, मागून पुढे उलटली आणि तिची काठी गेली. ती रसलर ३६ होती. विजेते व्हॅन डेन हीड यांचीही रसलर नोव्हेंबरात एका लाटेने जवळजवळ पालथी केली होती. काठीचे बंध सैल झाले, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी वर चढून दुरुस्ती केली म्हणून ती तग धरून राहिली. दक्षिण महासागराच्या मोठ्या लाटेपुढे कोणतीही छत्तीस फुटी नौका अजिंक्य नाही, हा याचा सरळ अर्थ.

मग या नौकांचे मूल्य कशात आहे? याच अपघातांकडे पुन्हा एकदा, वेगळ्या नजरेने पाहावे. गुडॉल यांची नौका उलटली, काठी मोडली, पण कवच फुटले नाही. ती परत उभी राहिली आणि मदत येईपर्यंत तिने आपल्या स्वामिनीला कोरड्यात नसेल, तरी जिवंत ठेवले. मॅकगकिन यांच्या नौकेने तेच केले. ‘थुरिया’नेही तेच केले, आणि ती तर लाकडाची होती. म्हणजे मूळ गुण फायबरग्लासचा नव्हे. लांब कीलचाही केवळ नव्हे. १९७९ च्या ऑगस्टात फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळले. ३०३ नौकांपैकी फक्त ८५ शर्यत पुरी करू शकल्या, पाच बुडाल्या, चोवीस नाविकांनी सोडून दिल्या आणि स्पर्धकांपैकी पंधराजण दगावले. त्या शर्यतीत सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून एकच नौका शेवटपर्यंत गेली. ती कॉन्टेसा ३२ जातीची होती आणि तिची कील लांब नव्हती. अरुंद बांधा, तळाशी भरपूर भार, जाड कवच आणि बेताची टोके हे गुण मात्र तिच्यात व रसलरमध्ये समान आहेत. फास्टनेटनंतर अमेरिकेत रुंदी व वजन यांच्या प्रमाणावरून उलटण्याचा धोका जोखणारा एक ठोकताळा रूढ झाला. त्यात दोनपेक्षा कमी अंक आला तर नौका समुद्रलायक समजतात. वर दिलेल्या मापांवरून रसलरचा अंक १.७ च्या घरात येतो. ठोकताळा तो ठोकताळाच. पण तो ज्या दिशेने बोट दाखवतो, त्याच दिशेने अपघातांची साक्षही जाते.

यास्तव मला असे सुचवावेसे वाटते की, सागरी नौकेचे मूल्य ती माणूस जागा असताना किती चालते यावर ठरवू नये. माणूस थकतो, चुकतो, जखमी होतो, बिछान्यावरून उठू शकत नाही, त्या वेळी ती काय करते यावर ठरवावे. ‘थुरिया’वर टॉमी तीन दिवस जवळजवळ निश्चल पडून होते. त्या तीन दिवसांत नाविक नव्हताच. होती ती केवळ नौका. रसलर आणि तिच्या कुळातल्या नौकांचे आरेखन अशाच तीन दिवसांचा विचार करून झाले आहे. हे त्यांचे खरे माहात्म्य. एरवीचा त्यांचा मंदपणा ही त्या माहात्म्याची किंमत होय.

आता माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. महासागरात जो गुण, तोच किनाऱ्यावर अनेकदा दोष ठरतो. कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या मोसमात पहाटे मतलई वारे हळुवार वाहतात आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा भरतो. अर्धा दिवस वारा मंद. साडेसात टनांची नौका अशा वाऱ्यात सुस्तावते. हलक्या नव्या नौका जेथे शिडावर सरकतात, तेथे रसलरला इंजिन लावावे लागते किंवा वाट पाहावी लागते. मुंबईहून गोव्यास येताना वायव्येचा वारा पाठीशी असतो, तेव्हा तिची चाल मोठी सुखाची. परतीच्या वाटेवर त्याच वाऱ्यात नागमोडी जाताना तिच्या जडपणाची व लांब कीलची जाणीव दर वळणावर होते. नौका वळते, पण विचार करून वळते.

बंदरात शिरल्यावर तर तिची खोड खरी उघडी पडते. अरुंद जागेत इंजिनावर मागे नेताना ही नौका सुकाणूचे ऐकत नाही. पंखा जिकडे ढकलील तिकडे तिची पिछाडी जाते. धक्क्यावर चार लोक पाहत उभे असताना, शेजारी लाखो रुपयांची दुसरी नौका बांधलेली असताना, हा प्रसंग अनुभवी तांडेलालाही घाम फोडतो. १.६८ मीटरची खोली मुळीच अवाजवी नाही. तरी आपल्या नद्यांच्या मुखांशी वाळूचे पट्टे आहेत. मांडवीच्या तोंडचा आग्वादचा पट्टा सर्वांना ठाऊक आहेच. भरती-ओहोटीचे गणित चुकवून चालणार नाही. मात्र दोन गोष्टी तिच्या बाजूने नोंदवल्या पाहिजेत. चुकून वाळूला लागलीच, तर लांब कील तो धक्का सलग अंगावर घेते. सुट्या सुकाणूसारखे काही मोडून पडत नाही. आणि आपला किनारा रात्री मासेमारीच्या जाळ्यांनी भरलेला असतो, तेथे खाचेत लपलेला पंखा व कीलला चिकटलेले सुकाणू ही मोठी सोय आहे; दोर अडकण्याची भीती त्यामुळे पुष्कळच कमी होते.

राहण्याच्या दृष्टीने पाहता, मुंबई-गोव्याच्या सहलीस कुटुंब घेऊन निघणाऱ्याला रसलरचा अंतर्भाग कोंदट वाटेल. त्याच लांबीच्या नव्या नौकेत रुंद पिछाडीमुळे मागेही ऐसपैस खोली मिळते; येथे ती सोय नाही. परंतु समुद्र खवळला की मोकळी जागा हाच धोका ठरतो. माणूस एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फेकला जातो. हाताला ताबडतोब काहीतरी लागावे, पाठ टेकून स्वयंपाक करता यावा, कुशीला फळी लावून निजता यावे, यासाठी अरुंदपणाच हवा. दिवाणखाना आणि सागरी खोली यांची कसोटी एक नव्हे. प्रदर्शनात उभ्या केलेल्या नौकेत शिरून ‘किती जागा आहे!’ म्हणणारा ग्राहक नेमका चुकीचा प्रश्न विचारीत असतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही, कारण फसगत बहुधा येथेच होते. आपण नौकेच्या जातीविषयी वाचतो. पण विकत घेतो ती त्या जातीची एक विशिष्ट, तीस-चाळीस वर्षे वापरलेली प्रत. ग्रंथ उत्तम असला तरी आपल्या हाती आलेल्या प्रतीची पाने वाळवीने खाल्लेली असू शकतात. फायबरग्लास कुजत नाही, हे अर्धसत्य आहे. वरच्या चकचकीत लेपातून वर्षानुवर्षे पाणी आत मुरते आणि तळावर फोड उठतात. ते बहुधा प्राणघातक नसतात, पण दुरुस्ती वेळखाऊ व महाग असते. त्याहून वाईट प्रकार वरच्या तक्तपोशीत घडतो. पुष्कळ जुन्या नौकांच्या तक्तपोशीत फायबरच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड भरलेले असते. कठड्याचे खांब किंवा इतर लोखंडसामान जेथे बोल्टांनी बसवले आहे, तेथून पाणी शिरले की ते लाकूड कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. लहान हातोडीने ठोकत गेले असता सुकी जागा खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते; परीक्षा इतकी साधी आहे, पण ती गुडघ्यांवर बसून इंच-इंच करावी लागते. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांहून जुन्या असतील, तर त्या चांगल्या दिसत असल्या तरी बदलावयाच्या, असा शहाण्यांचा संकेत आहे; आणि त्या तारा कवचाशी जेथे जखडल्या आहेत त्या पट्ट्या उघडून पाहावयाच्या, कारण पोलाद गंजते ते दृष्टीआड. पाण्याखालच्या नळ्यांच्या चकत्या फिरतात की नाही, सुकाणूच्या बिजागऱ्यांत किती खेळ आहे, इंजिन थंड असता पहिल्या फेरीत सुरू होते काय, हे सारे स्वतः पाहून, वर एखाद्या तटस्थ जाणकारास शुल्क देऊन पाहावयास लावावे. खरेदीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांत दुरुस्तीत जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. टॉमींनी किंवा नॉयशेफर यांनी जुनी नौका घेतली ती जशीच्या तशी नेली नाही; महिनोन्‌महिने तिची पुनर्घडण केली, काठी, तारा, शिडे नव्याने उभारली. जगाला फेरी घातली ती त्या पुनर्घडणीने. रसलर हे नुसते नाव ती फेरी घालू शकले नसते.

एवंच, रसलर ३६ विषयी माझे मत असे. महासागर ओलांडू पाहणाऱ्या, एकट्या किंवा दोघा माणसांसाठी ती आपल्या मापाच्या उत्तम नौकांपैकी एक आहे. तिचे आरेखन प्रामाणिक आहे, कारण ज्या प्रसंगासाठी ते केले त्या प्रसंगाची भीती तिच्या आरेखकांनी कधी लपवली नाही. ती वेगवान नाही, प्रशस्त नाही, बंदरात आज्ञाधारक नाही. आणि ज्याला कधीच किनाऱ्याच्या नजरेपलीकडे जावयाचे नाही, त्याने तिच्या सामर्थ्याचे ओझे फुकट वाहू नये. अशाने याहून लहान, हलकी, उथळ नौका घ्यावी. ती त्याला अधिक दिवस पाण्यावर ठेवील, आणि नौकानयन शिकावे लागते ते पाण्यावरच.

माझ्या स्नेह्यांना मी हेच कळवले. दोन मोसम दुसऱ्याच्या नौकेवर काम करा. मतलई आणि खारा वारा अंगावर घ्या. आग्वादचा पट्टा भरतीच्या आधी आणि नंतर ओलांडून पाहा. एकदा रात्री जाळ्यांमधून वाट काढा. त्यानंतरही क्षितिजापलीकडची ओढ तशीच राहिली, तर अशा नौकेच्या शोधास लागा आणि हातोडी बरोबर घ्या. त्यांचे उत्तर आले आहे. या मोसमात ते एका स्नेह्याच्या नौकेवर खलाशी म्हणून जात आहेत. मला हे उत्तर आवडले. ज्या नौकेवर आपला जीव सोपवावयाचा, तिची योग्यता तपासण्याआधी आपली तपासावी, एवढा विवेक या छंदात पदार्पण करणाऱ्याजवळ असला म्हणजे पुष्कळ झाले.